गायरानावरचा धर्मादाय

ग्रामीण भागातील महसुली कचेऱ्यांत आणि न्यायालयांत चालणाऱ्या असंख्य जमीनविषयक तंट्यांमध्ये एक प्रकार असा आहे की, ज्यात वादी आणि प्रतिवादी दोघेही लोकहिताचेच नाव घेऊन उभे राहतात. एका बाजूस शाळा, दवाखाना, वसतिगृह, गोशाळा किंवा अनाथाश्रम चालविणारी अथवा चालवू इच्छिणारी एखादी नोंदणीकृत संस्था असते. दुसऱ्या बाजूस, ज्या गावाच्या गायरानाचा तुकडा त्या संस्थेस पट्ट्याने मिळालेला असतो, त्या गावातील मेंढरे राखणारे, दोन गाईंच्या दुधावर संसार चालविणारे आणि सरपणासाठी त्याच रानावर विसंबून असणारे लोक असतात. पहिल्या पक्षाजवळ घटना, नियमावली, विश्वस्तांची यादी आणि वकील असतो. दुसऱ्या पक्षाजवळ बहुधा पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीखेरीज दुसरा दस्तऐवज नसतो. विद्यादान आणि रुग्णसेवा यांविषयी आपल्या समाजात जो स्वाभाविक आदर आहे त्यामुळे अशा तंट्यात पाहणाऱ्याचे मन सहजच संस्थेकडे ओढले जाते, आणि गुराख्याचा आक्षेप हा प्रगतीच्या वाटेतील आडमुठेपणा वाटू लागतो.

परंतु संस्थेचे कार्य चांगले आहे की नाही, हा या तंट्यातील मूळ मुद्दाच नव्हे. जी जमीन दिली गेली ती देण्याचा अधिकार देणाऱ्यास होता काय. ज्यांच्या वापरातून ती काढून घेतली गेली त्यांना कोणी विचारले काय. आणि ज्या कार्यासाठी ती मागितली त्याच कार्यासाठी ती आज राबविली जात आहे काय, हे तीन प्रश्न त्याच्या मुळाशी असतात. धर्मादाय हेतू कितीही निर्मळ असला तरी तो जमिनीवरील हक्काची जागा घेऊ शकत नाही, हे तत्त्व आपल्या धर्मशास्त्रकारांनी सांगितले, मराठेशाहीतील दप्तराने पाळले, आणि आजच्या न्यायालयांनीही निरनिराळ्या शब्दांत पुनःपुन्हा मांडले आहे. त्या तत्त्वाचा आणि त्याच्या अंमलबजावणीतील अडचणींचा विचार प्रस्तुत प्रकरणात करावयाचा आहे.

जमीन कोणाची?

गावाभोवती गुरांसाठी मोकळी जमीन राखून ठेवण्याची कल्पना फार प्राचीन आहे. गावाच्या सभोवती शंभर धनुष्ये रुंदीचा पट्टा चराईसाठी सोडावा आणि नगरासाठी त्याची तिप्पट जागा ठेवावी, असे मनुस्मृतीने सांगितले आहे. याज्ञवल्क्यानेही गाव, मोठे गाव आणि नगर यांच्यासाठी चढत्या श्रेणीने असेच प्रमाण घालून दिले आहे. मराठी मुलखातील गावगाड्यात पांढरी म्हणजे वस्तीची जमीन आणि काळी म्हणजे लागवडीची जमीन हा मुख्य भेद होता. तथापि या दोहोंखेरीज गायरान, स्मशान, ओढ्यानाल्यांचे काठ, पाणवठे, खळवाडी आणि देवराई अशा ज्या जागा होत्या त्यांवर कोणा एका मिरासदाराची मालकी नव्हती, आणि त्यांविषयी तंटा उत्पन्न झाला तर पाटील, कुळकर्णी, बलुतेदार आणि शेजारच्या गावांचे वतनदार यांच्या गोतसभेपुढे साक्षी होऊन महजर लिहिला जात असे.

इंग्रजी अमलात मोजणी आणि जमाबंदी झाली तेव्हा या जागांना सर्व्हे नंबर मिळाले आणि त्यांचे स्वरूप बदलले. खासगी भोगवट्याखाली नसलेली प्रत्येक जमीन सरकारची, असे सूत्र कायद्याने स्वीकारले. मात्र गावच्या गुरांसाठी मोफत चराईची जमीन राखून ठेवण्याचा अधिकार १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने महसुली अधिकाऱ्यांस दिला, आणि ती चराई ज्या गावाकडे जमीन नेमून दिली असेल त्याच गावच्या जनावरांपुरती राहील, असेही त्यात घातले. स्वातंत्र्योत्तर काळातील महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम २२ व कलम २३ मध्ये हीच व्यवस्था पुढे चालू राहिली. चराई, राखीव वन, दफनभूमी अथवा दहनभूमी, गावठाण, छावणीची जागा, खळवाडी, बाजार किंवा अन्य सार्वजनिक प्रयोजन यांसाठी जिल्हाधिकाऱ्याने जमीन नेमून द्यावी, आणि एकदा नेमून दिलेली जमीन त्याच्या मंजुरीवाचून दुसऱ्या कामास लावू नये, हा कलम २२ चा आशय आहे.

प्रांतपरत्वे या जमिनीची नावे निराळी आहेत. पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात तिला गायरान किंवा गुरचरण म्हणतात. वऱ्हाडात ती ‘ई-क्लास’ या नावाने ओळखली जाते. पूर्वीच्या मध्यप्रांतातून आलेल्या जिल्ह्यांत निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या कागदांत गावकऱ्यांचे चराई, सरपण, वाट आणि पाणी यांविषयीचे हक्क नोंदविण्याची परंपरा आहे, आणि संहितेच्या कलम १६१ पासून पुढे त्यांना स्थान मिळाले आहे. पंजाब-हरयाणात अशा जमिनीस शामलात म्हणतात, आणि पंजाबच्या १९६१ च्या कायद्याने ती ग्रामपंचायतीकडे निहित केली आहे. गोव्यात तर गावकऱ्यांचा समुदाय, म्हणजे कोमुनिदाद, हाच जमिनीचा धनी असून, १९६१ च्या कोमुनिदाद संहितेप्रमाणे वार्षिक फोर आकारून तिचे दीर्घकालीन पट्टे दिले जातात. सामाईक जमीन म्हटली म्हणजे सर्वत्र एकच कायदा लागू असेल, हा समज म्हणून चुकीचा आहे. पट्टा देण्याचा अधिकार कोणास, हे ठरविण्यापूर्वी ती जमीन कोणत्या प्रांताच्या कोणत्या व्यवस्थेखाली येते हे पाहावे लागते.

महाराष्ट्रातील एखाद्या गायरानाचा सातबारा हाती घेतला तर या स्थितीचे प्रतिबिंब त्यात स्पष्ट दिसते. भोगवटादाराच्या रकान्यात ‘सरकार’ असे लिहिलेले असते आणि त्याच्याच जवळ किंवा इतर हक्कांच्या रकान्यात ‘गुरचरण’ किंवा ‘गायरान’ अशी नोंद असते. पहिली नोंद मालकी सांगते आणि दुसरी प्रयोजन सांगते. सरकारला मालक म्हणून जे करता येईल त्याला प्रयोजनाची ही दुसरी नोंद मर्यादा घालते, आणि या प्रकरणातील बहुतेक सारे तंटे या दोन नोंदींच्या परस्परसंबंधातूनच उद्भवलेले आहेत. ज्याला संस्थेचा पट्टा टिकवावयाचा असतो तो पहिल्या नोंदीवर बोट ठेवतो; ज्याला तो मोडावयाचा असतो तो दुसरीवर.

दान कशाचे करता येते?

धर्मादाय म्हणजे काय, याची व्याख्या आपल्याकडे कायद्याने केलेली आहे. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०, जो आज महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो, त्याच्या कलम ९ मध्ये दारिद्र्याचे किंवा आपत्तीचे निवारण, शिक्षण, वैद्यकीय साहाय्य आणि सर्वसाधारण लोकोपयोगाच्या अन्य गोष्टींची अभिवृद्धी ही धर्मादाय प्रयोजने म्हणून सांगितली आहेत, आणि केवळ धार्मिक शिकवण किंवा उपासना यांच्याशी संबंधित असलेले प्रयोजन त्यांतून वगळले आहे. म्हणजे, गायरानावर मंदिर, मठ अथवा प्रार्थनास्थळ बांधू इच्छिणारा न्यास आणि तेथे रुग्णालय काढू इच्छिणारा न्यास हे दोन्ही लोकांच्या बोलण्यात ‘धर्मादाय’ असले तरी कायद्याच्या दृष्टीने एका पंक्तीचे नव्हेत.

परंतु ही व्याख्या संस्थेचे स्वरूप सांगते. त्या संस्थेस कोणती वस्तू देता येते हे ती सांगत नाही. त्याविषयी आपल्या प्राचीन व्यवहारशास्त्राने फार सूक्ष्म विचार केला होता. नारदस्मृतीत दत्ताप्रदानिक नावाचे एक व्यवहारपद आहे, आणि दिलेले दान केव्हा परत घेता येते, मुळात कोणत्या वस्तूंचे दान होऊच शकत नाही, याचे विवेचन त्यात केलेले आहे. जी द्रव्ये अदेय म्हणून तेथे सांगितली आहेत त्यांत गहाण वस्तू, मागून आणलेली वस्तू आणि ठेव यांच्या जोडीला ‘साधारण’ म्हणजे अनेकांच्या सामाईक मालकीच्या द्रव्याचा स्पष्ट उल्लेख आहे. ज्यात दुसऱ्यांचा वाटा आहे ते एकट्याने द्यावयाचे नाही, मग घेणारा कितीही सत्पात्र असो.

मराठेशाहीतील इनामपत्रांतही हीच जाणीव दिसते. देवस्थानास, विद्वानास किंवा अन्नछत्रास गाव इनाम देताना सनदेत पाणी, झाडे, गवत, लाकूड, दगड आणि भूमिगत निधी यांसह गाव दिला असे विस्ताराने लिहिले जात असे. परंतु त्याच वाक्याच्या शेवटी, पूर्वीचे हक्कदार आणि इनामदार खेरीज करून, अशी पुस्ती ठेवलेली असे. दान देणारा प्रत्यक्ष छत्रपती किंवा पेशवा असला तरी, जे आपले नव्हे ते आपण देत नाही, असे त्या पुस्तीने कागदावर कबूल होत असे. पुढे ब्रिटिश सरकारने १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशन नेमून जुन्या सनदा तपासल्या. त्या तपासणीतील कठोरपणाविषयी लोकांत असंतोष माजला, तो सकारण होता. पण दानपत्र देणाऱ्यास ते देण्याचा अधिकार होता काय, हा त्या चौकशीमागचा प्रश्न मुळात अयोग्य नव्हता.

पट्ट्याच्या प्रकरणाचा प्रवास

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊन असे प्रकरण कचेरीत कसे चालते ते पाहू. एका तालुक्याच्या गावापासून चार मैलांवर असलेल्या खेड्यात साठ एकरांचे गायरान आहे, आणि एक शिक्षणसंस्था त्यांपैकी दहा एकर जमीन माध्यमिक शाळा व वसतिगृह यांसाठी मागते, असे समजू. संस्थेचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, कारण मोकळ्या सरकारी जमिनीचा पट्टा देण्याचा अधिकार संहितेच्या कलम ३८ ने त्यांना दिलेला आहे. राज्य शासनाचा व्यापक अधिकार कलम ४० मध्ये आहे. आणि १९७१ च्या सरकारी जमिनींच्या विल्हेवाटीविषयक नियमांत शैक्षणिक, वैद्यकीय व तत्सम प्रयोजनांसाठी द्यावयाच्या जमिनींची तरतूद आहे. अर्ज तेथून प्रांत, तहसीलदार आणि मंडळ अधिकारी अशा क्रमाने तलाठ्यापर्यंत खाली उतरतो. तलाठी जागेवर जाऊन पंचनामा करतो, नकाशा आणि उतारे जोडतो. ग्रामसभेचा ठराव मागविला जातो. गावातील जनावरांची संख्या आणि उरणारे गायरान त्यांना पुरेल किंवा नाही याचा अहवाल येतो. हरकतींसाठी जाहीरनामा चावडीवर लागतो. आणि ही सारी कागदपत्रे उलट क्रमाने पुन्हा वर चढतात. मंजुरी मिळाल्यावर मोजणी होऊन कब्जेपट्टी दिली जाते, फेरफार पडतो, आणि सातबाऱ्यावर संस्थेचे नाव पट्टेदार किंवा वर्ग-२ भोगवटादार म्हणून, आदेशातील अटींसह, नोंदले जाते.

या प्रवासात तंट्याचे बीज बहुधा दोन ठिकाणी पडते. पहिले ठिकाण म्हणजे पंचनामा. गायरान पाहण्यास अधिकारी जर चैत्र-वैशाखात गेला तर त्याला खडकाळ, उजाड आणि निरुपयोगी माळ दिसतो, आणि ‘जमीन पडीक आहे, वापरात नाही’ असे वाक्य पंचनाम्यात सहज उतरते. तोच माळ श्रावणात हिरवा असतो आणि पोळ्यापासून दिवाळीपर्यंत गावची बहुतेक गुरे त्याच्यावर पोसली जातात. स्थलांतर करणारे मेंढपाळ तर वर्षातून काही आठवडेच तेथे येतात, परंतु त्या आठवड्यांत त्यांचा सारा निर्वाह त्या माळावर असतो. ऋतूप्रमाणे चालणारा वापर एका दिवसाच्या पाहणीत दिसत नाही, आणि एकदा कागदावर पडीक ठरलेली जमीन मागणीदारास देणे हे मग सत्कृत्यच वाटू लागते.

दुसरे ठिकाण म्हणजे ग्रामसभेचा ठराव. पुष्कळांची अशी समजूत असते की, गायरान गावचे असल्यामुळे ग्रामपंचायतीने ठराव केला की संस्थेचा हक्क सिद्ध झाला. महाराष्ट्रात ही समजूत बरोबर नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५१ प्रमाणे शासन मोकळ्या जागा आणि चराईच्या जमिनी पंचायतीकडे निहित करू शकते. परंतु पंचायतीकडे असलेली स्थावर मिळकत पट्ट्याने द्यावयाची असली तरी कलम ५६ अन्वये जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या पूर्वमंजुरीचे बंधन येते, आणि गायरानाचे प्रयोजन बदलण्याचा अधिकार तर पंचायतीकडे नाहीच. ठराव हा गावाच्या संमतीचा पुरावा आहे. तो मालकीचा दाखला नव्हे. सरपंच आणि संस्थेचे विश्वस्त एकाच घरातील किंवा एकाच गटातील असले म्हणजे तो संमतीचा पुरावा म्हणूनही दुबळा ठरतो, आणि ज्यांची गुरे त्या रानात जातात ते ठरावाच्या दिवशी सभेत होते काय, हा प्रश्न पुढे वर्षानुवर्षे अपिलात घोळत राहतो. जिल्हाधिकाऱ्याच्या आदेशावर विभागीय आयुक्ताकडे अपील, त्यापुढे शासनाकडे फेरतपासणी, आणि अखेरीस संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका, असा हा मार्ग लांब आणि खर्चाचा आहे.

न्यायालयांचे निवाडे

सामाईक जमिनीविषयी सर्वोच्च न्यायालयाच्या दृष्टिकोनास निश्चित वळण देणारे निवाडे या शतकाच्या पहिल्या दशकभरातील आहेत. २००१ साली हिंचलाल तिवारी विरुद्ध कमलादेवी या प्रकरणात उत्तर प्रदेशातील एका गावच्या तलावाची जमीन घरांसाठी वाटून दिली गेल्याचा प्रश्न होता. अरण्ये, तलाव, टेकड्या ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती असून तिचे रक्षण झाले पाहिजे, असे सांगून न्यायालयाने ते वाटप रद्द ठरविले.

त्यानंतर दहा वर्षांनी, २८ जानेवारी २०११ रोजी, न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि न्यायमूर्ती ग्यानसुधा मिश्र यांच्या खंडपीठाने जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात जो निर्णय दिला, तो या विषयावरील आजचा प्रमुख आधार होय. पतियाळा जिल्ह्यातील रोहर जागीर या गावच्या तळ्यात भराव टाकून काही लोकांनी घरे बांधली होती. प्रकरण जिल्हाधिकाऱ्यापुढे गेले तेव्हा, या लोकांनी बांधकामावर मोठा खर्च केला आहे, त्यांना हुसकावणे लोकहिताचे नाही, पंचायतीने त्यांच्याकडून जमिनीची सरकारी दराने किंमत वसूल करावी, असा आदेश त्याने दिला. आयुक्ताने तो फिरविला, उच्च न्यायालयाने आयुक्ताचा निर्णय कायम केला, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब करताना खेड्यांतील सामाईक जमिनी बळाच्या, पैशाच्या आणि राजकीय वजनाच्या जोरावर गिळंकृत केल्या जात असल्याबद्दल तीव्र शब्दांत खेद प्रकट केला. पंजाब सरकारने अशी बांधकामे पैसे घेऊन नियमित करण्यासाठी २००७ साली काढलेले पत्रही बेकायदा ठरविण्यात आले, आणि सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करून त्या ग्रामपंचायतींना परत देण्याच्या योजना तयार कराव्यात, असा आदेश सर्व राज्यांना देण्यात आला.

धर्मादाय संस्थांच्या दृष्टीने या निर्णयातील अपवादाचा भाग विशेष महत्त्वाचा आहे. भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शासकीय अधिसूचनेखाली पट्टा दिला असेल, अथवा त्या जमिनीवर अगोदरच शाळा, दवाखाना किंवा अन्य सार्वजनिक सोय उभी असेल, अशाच अपवादात्मक प्रसंगी नियमितीकरण करता येईल, असे न्यायालयाने म्हटले. या वाक्याचा आधार घेऊन, शाळा आहे म्हणजे जमीन आपली, असा युक्तिवाद मांडला जातो. तो स्वीकारार्ह नाही. अपवाद पूर्वीपासून चालू असलेल्या सार्वजनिक सोयीसाठी आहे. आधी पत्र्याची खोली उभारावी, तिच्यावर विद्यालयाचा फलक लावावा आणि मग त्या फलकाच्या बळावर दहा एकर मागावे, यासाठी तो नव्हे. तसेच त्यात ‘सार्वजनिक’ या विशेषणास पूर्ण अर्थ आहे: भरमसाट शुल्क आकारणारी आणि गावातील मुलाला दाराशी उभे न करणारी शाळा, तिचा चालक नोंदणीकृत न्यास असला तरी, या अपवादाच्या छायेत येऊ नये, हेच न्यायाला धरून आहे.

त्याच वर्षी, ६ एप्रिल २०११ रोजी, न्यायमूर्ती सिंघवी आणि न्यायमूर्ती गांगुली यांनी अखिल भारतीय उपभोक्ता काँग्रेस विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात दुसऱ्या बाजूने याच प्रश्नाला हात घातला. भोपाळजवळील बावडिया कलां येथील वीस एकर सरकारी जमीन, एका दिवंगत राजकीय नेत्याच्या स्मृत्यर्थ स्थापन झालेल्या न्यासास, त्याच्या अर्जावरून देण्यात आली होती; इतर कोणा संस्थेस अर्ज करण्याची संधी देणारी जाहिरात निघाली नव्हती. राज्याची संपत्ती ही सत्ताधाऱ्यांच्या मर्जीने वाटावयाची खिरापत नसून, ती देताना सर्वांस समान संधी मिळाली पाहिजे, आणि जाहिरातीवाचून एखाद्या व्यक्तीच्या अथवा संस्थेच्या अर्जावर जमीन देणे हे संविधानाच्या अनुच्छेद १४ चे उल्लंघन होय, असे ठरवून न्यायालयाने ते वाटप रद्द केले. न्यासाचा हेतू सार्वजनिक आहे, हा बचाव तेथे टिकला नाही.

महाराष्ट्रात या निवाड्यांचे पडसाद लवकरच उमटले. जगपालसिंग निर्णयाच्या अनुषंगाने १२ जुलै २०११ रोजी महसूल व वन विभागाने शासन निर्णय काढून गायरान आणि अन्य सार्वजनिक वापरातील जमिनी सार्वजनिक प्रयोजनाखेरीज कोणास देण्यावर निर्बंध घातला. पुढे संहितेत कलम २२-अ समाविष्ट झाले. केंद्र व राज्य शासन किंवा वैधानिक प्राधिकरण यांच्या सार्वजनिक प्रकल्पासाठी, दुसरी योग्य सरकारी जमीन उपलब्ध नसेल तरच, गायरान वळविता येईल. आणि अन्य प्रकल्पचालकास ते अपरिहार्यपणे हवे असेल तर त्याने दुप्पट क्षेत्राची व किमतीने कमी नसलेली जमीन चराईसाठी शासनाकडे हस्तांतरित केली पाहिजे, असे ते कलम सांगते. बदली जमिनीची ही अट फार मोलाची आहे, कारण गायरान घेणाऱ्याने गावच्या गुरांची सोय अन्यत्र लावूनच आपल्या कार्याचा श्रीगणेशा करावा, हे न्यायतत्त्व तिने प्रथमच स्पष्ट शब्दांत आणले. मात्र आजारही तितकाच जुनाट आहे: २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दाखल करून घेतलेल्या जनहित याचिकेत, राज्यातील गायरानांवर दोन लाखांहून अधिक अनधिकृत बांधकामे असल्याचे शासनाकडूनच सांगितले गेले.

तिसरा हक्कदार

संस्था आणि पशुपालक यांच्या वादात एक तिसरा पक्ष नेहमी विसरला जातो, आणि तो म्हणजे गावातील भूमिहीन. ज्याच्या पूर्वजांना गावगाड्याने जमीन धारण करूच दिली नाही त्याला गायरान हीच पोट भरण्याची एकमेव जागा उरली, आणि पडीक सरकारी जमीन भूमिहीनांस द्या, ही मागणी घेऊन दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ च्या अखेरीस जे भूमिहीनांचे सत्याग्रह चालविले त्यांत सामील होऊन असंख्य स्त्री-पुरुषांनी कारावास पत्करला. पुढे शासनाने वेळोवेळी निर्णय काढून दलित, आदिवासी आणि अन्य भूमिहीनांची शेतीसाठी झालेली अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे ठरविले. त्यांपैकी १९९१ च्या निर्णयात १४ एप्रिल १९९० ही मर्यादा धरली होती. मराठवाड्यातील कित्येक कुटुंबे या निर्णयाच्या आधारे आजही आपल्या नावाचा सातबारा मागत आहेत. पंजाबात तर लागवडीयोग्य शामलात जमिनीचा एक-तृतीयांश भाग अनुसूचित जातींच्या लोकांना पट्ट्याने देण्यासाठी राखून ठेवण्याचा नियम आहे, आणि तो प्रत्यक्षात यावा म्हणून तेथील शेतमजुरांना लढा द्यावा लागला आहे.

तेव्हा ‘गायरान सर्वांचे’ हे सूत्र उच्चारताना सावध राहिले पाहिजे. ज्यांच्याजवळ गुरे आहेत त्यांनी ते सूत्र भूमिहीनाच्या झोपडीविरुद्ध वापरावे आणि त्याच वेळी गावच्या पुढाऱ्याच्या संस्थेस दहा एकर देण्याच्या ठरावास हात वर करावा, हा अन्याय होय. पाच एकरांवर ज्वारी पिकवून जगणाऱ्या कुटुंबास अतिक्रमणदार म्हणावयाचे आणि पन्नास एकरांचे आवार घालणाऱ्या न्यासास लोकसेवक म्हणावयाचे, हा भेद कायद्याच्या कोणत्याही कलमात नाही. जगपालसिंग निर्णयाने तर भूमिहीनांचा पट्टा आणि सार्वजनिक सोय हे दोन्ही अपवाद एकाच वाक्यात, समान पातळीवर ठेवले आहेत.

पट्ट्यानंतरचे कर्तव्य

पट्टा कायदेशीर रीतीने मिळाला म्हणजे तंटा संपला असे होत नाही. बांधकाम ठराविक मुदतीत पुरे करावे, जमीन मंजूर प्रयोजनासाठीच वापरावी, परवानगीवाचून ती गहाण ठेवू नये, पोटभाड्याने देऊ नये, हस्तांतरित करू नये, आणि अटींचा भंग झाल्यास शासनाने ती परत घ्यावी, अशा शर्ती आदेशात असतात. शाळेच्या जागेवर मंगल कार्यालय, वसतिगृहाच्या जागेवर दुकानांचे गाळे, गोशाळेच्या जागेवर विश्वस्तांची ऊसशेती, हे शर्तभंगाचे नित्याचे प्रकार आहेत. शर्तभंग झाला तर जमीन सरकारजमा करण्याचा आणि कलम ५३ अन्वये संक्षिप्त चौकशी करून पट्टेदारास निष्कासित करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यास आहे. न्यासाच्या मिळकतीवर धर्मादाय आयुक्तांची निराळी देखरेख असते: कलम ३६ प्रमाणे शेतजमीन दहा वर्षांहून अधिक आणि बिगरशेती जमीन अथवा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या पट्ट्याने देण्यास त्यांची पूर्वमंजुरी लागते. या दोन्ही अधिकाऱ्यांनी आपापले काम केले तर पुष्कळसा दुरुपयोग आरंभीच थांबेल.

सवलतीने जमीन घेणाऱ्याने त्या सवलतीची परतफेड सेवेने केली पाहिजे, हे तत्त्व दिल्लीतील रुग्णालयांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने ९ जुलै २०१८ रोजी मूलचंद खैरातीराम न्यासाच्या खटल्यात ठामपणे मान्य केले. सवलतीच्या दराने सरकारी जमीन मिळालेल्या रुग्णालयांनी बाह्यरुग्ण विभागात २५ टक्के आणि आंतररुग्ण विभागात १० टक्के गरीब रुग्णांवर विनामूल्य उपचार केलेच पाहिजेत, असे त्यात ठरले. ती जमीन गायरान नव्हती. परंतु शहरातील सरकारी जमिनीस जो न्याय लागू होतो तो खेड्यातील सामाईक जमिनीस अधिकच लागू झाला पाहिजे, कारण शहरात सवलतीचा भार साऱ्या जनतेवर विभागला जातो आणि खेड्यात तो काही मोजक्या, आणि बहुधा सर्वांत गरीब, कुटुंबांच्या चाऱ्यावर आणि सरपणावर पडतो.

या साऱ्या विवेचनावरून धर्मादाय संस्थांना गावची जमीन देऊच नये, असा निष्कर्ष कोणी काढू नये. महाराष्ट्रातील कित्येक गावांत पहिली शाळा आणि पहिला दवाखाना अशा जमिनीवरच उभा राहिला, आणि त्या संस्थांनी गावाचे ऋण अनेक पटींनी फेडले आहे. आग्रह एवढाच की, जमीन मागणाऱ्याने उघडपणे मागावी, देणाऱ्याने अधिकार तपासून आणि जाहिरात देऊन द्यावी, ज्यांची वहिवाट जाते त्यांना आधी विचारावे व बदली जमीन द्यावी, आणि दिलेल्या जमिनीवर काय चालले आहे याची तपासणी दरसाल व्हावी.

हे काम अधिकाऱ्यांवर सोपवून भागणार नाही. आपल्या गावच्या गायरानाचा सातबारा आज कोणासही पाहता येतो. गाव नमुना एक-ई मध्ये अतिक्रमणांची नोंद असते. पट्ट्याचा आदेश आणि त्यातील शर्ती माहितीच्या अधिकाराखाली मागता येतात. आणि ग्रामसभेत बसून ठरावाचा शब्द न्‌ शब्द वाचून घेण्याचा हक्क प्रत्येक मतदारास आहे. वाचकांनी आपल्या गावापुरते एवढे केले, आणि ठरावावर सही अथवा अंगठा करण्यापूर्वी त्या रानात कोणाची गुरे चरतात हे विचारून घेतले, तर न्यायालयात वीस वर्षे चालणारा तंटा चावडीवर एका दिवसात मिटेल.